सांगाडा जर्मन, काळीज इंग्रजी

'बॅटल ऑफ ब्रिटन' हा १९६९ सालचा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्यातील आकाशयुद्धाची दृश्ये सहसा विसरता येणार नाहीत. संगणकाच्या साह्याने विमाने 'काढण्याची' सोय त्या काळी नव्हती. त्यामुळे निर्माते हॅरी साल्ट्झमन आणि बेन फिश यांनी खरीखुरी विमाने जमवली आणि दिग्दर्शक गाय हॅमिल्टन यांनी ती खऱ्याखुऱ्या आकाशात उडवली. एका बाजूला ब्रिटिशांची स्पिटफायर आणि हरिकेन, दुसऱ्या बाजूला पंखांवर काळे क्रॉस मिरवणारी जर्मन मेसरश्मिट आणि हाइंकेल. प्रेक्षकाला वाटते, दोन राष्ट्रांची यंत्रे एकमेकांवर तुटून पडली आहेत. वस्तुत: पडद्यावर उडणाऱ्या जर्मन लढाऊ विमानांपैकी एकही जर्मनीत तयार झालेले नव्हते. ती होती स्पेनमधील सेव्हिल शहरात, युद्ध संपून दहा वर्षे लोटल्यावर बांधलेली. आणि त्यांच्या नाकाडात धडधडत होते ते इंग्लंडच्या रोल्स-रॉईस कंपनीचे 'मर्लिन' इंजिन, म्हणजे स्पिटफायरचेच काळीज! बॉम्बफेकी हाइंकेलही स्पॅनिश बनावटीची आणि मर्लिनवर चालणारी. कुरुक्षेत्रावर कौरव आणि पांडव दोघांचेही रथ एकाच सुताराने जोडून द्यावेत, असा हा प्रकार.

या स्पॅनिश मेसरश्मिटचे अधिकृत नाव 'एचए-१११२-एम१एल'. असली नावे कारकुनांसाठी असतात. स्पॅनिश वैमानिकांनी त्याला 'बुचोन' म्हणायला सुरुवात केली. बुचोन म्हणजे गळ्याखालची पिशवी फुगवून ऐटीत फिरणाऱ्या जातीचे नर कबूतर. आंदालुसिया प्रांतात, म्हणजे सेव्हिलच्या परिसरात, अशी कबुतरे पाळण्याची परंपरा आहे. इंग्रजी इंजिन बसवल्यामुळे या विमानाच्या हनुवटीखाली मोठा फुगवटा आला होता आणि मूळ जर्मन विमानाचा तो निमुळता, हिंस्र चेहरा पार बदलला होता. नाव चपखल बसले. मात्र या गमतीदार नावामागे एका देशाची जी कुचंबणा दडलेली आहे ती समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्याशी आपलाही संबंध पोहोचतो. एकदा नव्हे, दोनदा.

मूळ विमान मेसरश्मिट बीएफ १०९. 'बीएफ' ही अक्षरे बायरिशे फ्लुगझॉयगव्हेर्के, म्हणजे बव्हेरियन विमान कारखाना, या कंपनीची. विली मेसरश्मिट हे तिचे संकल्पक अभियंता. या विमानाचा पहिला नमुना मे १९३५ मध्ये उडाला, तेव्हा त्यासाठी योजलेले जर्मन इंजिन तयारच नव्हते. म्हणून जर्मनीने रोल्स-रॉईसला एक हाइंकेल विमान देऊन त्या बदल्यात चार 'केस्ट्रेल' इंजिने मिळवली आणि त्यांतले एक या नमुन्यावर चढवले. म्हणजे या घराण्याचा पहिला पुरुष रोल्स-रॉईसच्या इंजिनावर उडाला आणि शेवटचा पुरुषही. मधल्या काळात सुमारे चौतीस हजार विमाने तयार झाली. लढाऊ विमानांच्या इतिहासात इतकी संख्या दुसऱ्या कोणत्याही प्रकाराला गाठता आलेली नाही.

आता थोडे तंत्र समजून घेऊ, कारण पुढची सारी कथा त्यावर उभी आहे. त्या काळच्या मोठ्या विमान-इंजिनांत बारा सिलिंडर दोन रांगांत, इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकारात बसवलेले असत. रोल्स-रॉईसची रचना सरळ व्हीची: सिलिंडर वर, त्यांना जोडणारा मुख्य दांडा खाली. डाइमलर-बेन्झ या जर्मन कंपनीने हाच व्ही उलटा केला: दांडा वर, सिलिंडर खाली. यामुळे नाकाचा वरचा भाग अरुंद झाला आणि वैमानिकाला समोरचे अधिक दिसू लागले. शिवाय दोन सिलिंडर-रांगांच्या बेचक्यातून तोफेची नळी थेट पंख्याच्या मध्यातून बाहेर काढता येई. नेम धरण्याच्या दृष्टीने ही फार सोयीची गोष्ट, कारण वैमानिक जिकडे पाहतो तिकडेच तोफ पाहते. इंधनाच्या बाबतीतही फरक होता. जर्मन इंजिनात पेट्रोल सिलिंडरमध्ये थेट फवारले जाई, तर मर्लिनच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत कार्बुरेटर असल्याने विमान एकाएकी खाली झुकवले की इंजिन क्षणभर गुदमरे. बीट्रिस शिलिंग या इंग्रज महिला अभियंत्याने १९४१ मध्ये इंधनाच्या वाटेत बारीक भोकाची एक साधी चकती बसवून त्यावर उतारा काढला, ही त्या युद्धातली एक सुंदर हकीकत; पण ती पुन्हा केव्हातरी.

सांगायचा मुद्दा असा, की मेसरश्मिटने आपले विमान इंजिनाभोवती शिवले होते, एखादा शिंपी अंगावर माप घेऊन कपडा शिवतो तसे. वजनाचा तोल, नाकाची उंची, थंडावा देणाऱ्या जाळ्यांची जागा, तोफांची मांडणी, सारे काही त्या उलट्या व्हीच्या हिशेबाने. असे विमान इंजिनाविना हाती आले तर काय करायचे? नेमका हाच प्रश्न स्पेनसमोर उभा राहिला.

स्पेनची या विमानाशी ओळख जुनी. १९३६ ते १९३९ या काळातील यादवी युद्धात हिटलरने जनरल फ्रँकोच्या मदतीला 'काँडोर लीजन' हे हवाई दल धाडले, त्यात ही मेसरश्मिट होती. जर्मनीने आपले विमान आणि आपले डावपेच दोन्ही तेथे पारखून घेतले. चार विमानांनी हाताच्या बोटांसारखे पसरून उडण्याची जी पद्धत पुढे जगभरच्या हवाई दलांनी उचलली, ती वेर्नर म्योल्डर्स या जर्मन वैमानिकाने स्पेनच्याच आकाशात घडवली. युद्ध संपल्यावर उरलेली विमाने फ्रँकोकडे राहिली. जुनी झाली, तशी नव्यांची गरज भासू लागली. दुसरे महायुद्ध चालू होते, स्पेन तटस्थ होता, पण त्याचा कल कोणाकडे होता हे सर्वांना ठाऊक होते. १९४२ मध्ये जर्मनीने स्पेनला मेसरश्मिटची त्या वेळची ताजी आवृत्ती, १०९-जी-२, देशातच बांधण्याचा परवाना दिला. आधी पंचवीस विमाने सुट्या भागांत यायची, ती जोडता जोडता कारागिरांचा हात बसायचा आणि मग पुढची विमाने सेव्हिलच्या हिस्पानो आविआसिओन कारखान्यात मुळापासून घडवायची, असा बेत होता. कागदावर उत्तम.

प्रत्यक्षात १९४३-४४ या काळात सांगाडे आले, तेही शेपटीविना. बांधणीच्या आराखड्यांपैकी निम्मेसुद्धा पोहोचले नाहीत. आणि डाइमलर-बेन्झची इंजिने, पंखे, उपकरणे, शस्त्रे यांतले काहीच आले नाही. जर्मनीवर तोवर रात्रंदिवस बॉम्ब पडत होते. जे इंजिन तयार होई ते आघाडीवर जाई. परवानाधारक परदेशी ग्राहकाची आठवण कोणाला राहणार? करार होता, पैसा होता, मैत्रीही होती. इंजिन मात्र नव्हते. कारखान्यात पंचवीस धडे मुंडक्याविना उभी होती.

येथे स्पॅनिश अभियंत्यांच्या चिकाटीला दाद दिली पाहिजे. त्यांनी घरात काय आहे ते पाहिले. हिस्पानो-सुईझा ही मूळची बार्सिलोनाची कंपनी. मार्क बिरकिख्त या स्विस अभियंत्याच्या कल्पकतेवर ती नावारूपाला आली. तिच्या आलिशान मोटारी आपल्याकडील संस्थानिकांनाही भुरळ घालून गेल्या. विमानांच्या इंजिनांतही तिचा दबदबा होता. तिचे १,३०० अश्वशक्तीचे बारा सिलिंडरी इंजिन या सांगाड्यात बसवायचे ठरले. पण ते सरळ व्हीचे! नाक नव्याने बांधावे लागले, आधाराच्या कैच्या बदलाव्या लागल्या, तोल पुन्हा साधावा लागला. १९४५ च्या मार्चमध्ये, जर्मनी शेवटचे आचके देत असताना, बार्सिलोनात या जोडकामाची पहिली भरारी झाली. पुढे पंख्यासाठी स्वित्झर्लंडच्या एशर-व्हिस कंपनीकडे धाव घेण्यात आली. १९४७ ते १९४९ या काळात ही पंचवीस विमाने कशीबशी उडाली, परंतु लढाऊ तुकडीत दाखल होण्याइतका विश्वास त्यांनी कधीच मिळवला नाही. त्यानंतर त्याच घराण्याचे फ्रान्समध्ये बनलेले इंजिन आणून १९५१ मध्ये दुसरी आवृत्ती सिद्ध झाली. तीन पात्यांच्या पंख्यावरून तिला 'त्रिपाला' म्हणत. तीही यथातथाच.

दरम्यान जगाने स्पेनला वाळीत टाकले होते. १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी माद्रिदमधून राजदूत परत बोलावण्याची शिफारस केली होती. अशा देशाला आधुनिक विमान वा इंजिन कोण विकणार? शीतयुद्ध तापले, तसा हा बहिष्कार विरघळला. १९५३ मध्ये अमेरिकेने फ्रँकोशी तळांचा करार केला, आणि ब्रिटनच्या गोदामांचे दरवाजेही किलकिले झाले. जेटचे युग उजाडल्याने मर्लिन इंजिने आता सहज उपलब्ध होती. १९५४ मध्ये, १,६०० अश्वशक्तीचे मर्लिन आणि चार पात्यांचा रोटोल पंखा लावलेले मेसरश्मिट सेव्हिलमध्ये उडाले. बुचोनचा जन्म झाला. पंख्याच्या मध्यातून डागण्याची तोफ आता शक्य नव्हती, म्हणून २० मिलिमीटरच्या दोन तोफा पंखांत गेल्या. शिवाय पंखांखाली अग्निबाण. अशी १७२ विमाने १९५८ पर्यंत तयार झाली.

जन्माला येतानाच ते म्हातारे होते, हे मात्र कबूल करायला हवे. १९५५ पासून स्पेनला अमेरिकेची सेबर जेट विमाने मिळू लागली होती. आपल्या वायुसेनेत त्याआधीच, १९५३ मध्ये, फ्रेंच 'तुफानी' दाखल झाली होती. त्या काळात पंख्याचे नवे लढाऊ विमान सेवेत घेणे म्हणजे घरोघरी गॅस आल्यावर नवी चूल घालण्यासारखेच. शिवाय मूळ मेसरश्मिटची प्रसिद्ध खोड बुचोननेही इमानाने जपली होती. त्याची चाके पंखांऐवजी धडाला जोडलेली आणि म्हणून एकमेकांच्या फार जवळ. पंख काढले तरी विमान आपल्या पायांवर उभे राहते ही दुरुस्तीची मोठी सोय. पण धावपट्टीवर ते केव्हा एका बाजूला वळून कोलमडेल याचा नेम नाही. या विमानाने शत्रूइतकीच धास्ती आपल्याच शिकाऊ वैमानिकांना घातली.

तरीही स्पेनने ते ठेवले, आणि त्याचे कारण केवळ हौस नव्हते. १९५७-५८ मध्ये वायव्य आफ्रिकेतल्या इफ्नी या आपल्या वसाहतीत स्पेनला बंडाळीशी सामना करावा लागला. हाताशी सेबर होती, पण मदतीदाखल दिलेली शस्त्रे वसाहतीच्या लढाईत वापरण्यास अमेरिकेने मज्जाव केला. मग तेथे कोण लढले? परवान्याखाली देशात बांधलेली जुनी हाइंकेल आणि युंकर्स! बुचोनही पुढे सहारातील तळांवर तैनात झाली. मालकी आपली, पण वापराची परवानगी दुसऱ्याची, हा अनुभव ज्यांनी घेतला त्यांना जुनाट का होईना, स्वत:च्या हुकमतीतील विमानाचे मोल कळले असले पाहिजे. १९६५ च्या डिसेंबरात बुचोन निवृत्त झाले.

अशाच कात्रीत चेकोस्लोव्हाकियाही सापडला होता. युद्धानंतर मेसरश्मिटचे सांगाडे हाती होते, पण डाइमलर-बेन्झ इंजिनांचा साठा गोदामाच्या आगीत खाक झाला. त्यांनी बॉम्बफेकी विमानाचे जड, सुस्त युंकर्स इंजिन बसवले. तयार झालेल्या यंत्राला वैमानिकांनी 'मेझेक', म्हणजे खेचर, ठरवून टाकले. १९४८ मध्ये नुकत्याच जन्मलेल्या इस्राएलने, दुसरे कोणी विमान देईना म्हणून, हीच पंचवीस खेचरे विकत घेतली. नाझींच्या विमानाच्या या वंशजाने ज्यू राष्ट्राची पहिली हवाई लढाई लढावी, हा इतिहासाचा विचित्र न्याय. २९ मे १९४८ रोजी त्या पहिल्या हल्ल्यात जे चार वैमानिक होते, त्यांतील एझर वाइझमन यांनी महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातर्फे भारतात सेवा केली होती. पुढे ते इस्राएलचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९९६ च्या अखेरीस त्या नात्याने भारतभेटीवरही आले.

आता आपल्या संबंधाकडे वळू. युद्धानंतर विली मेसरश्मिट यांना जर्मनीत विमाने बनवण्यास बंदी होती. त्यांच्या कारखान्यात शिलाई यंत्रे आणि तीन चाकी चिमुकल्या मोटारी तयार होऊ लागल्या. १९५१ पासून ते सेव्हिलच्या त्याच हिस्पानो आविआसिओनमध्ये सल्लागार म्हणून काम करू लागले. ज्या कारखान्याला त्यांचे आराखडे अर्धवट मिळाले होते, तेथे आता आराखड्यांचा धनीच येऊन बसला. तेथे त्यांनी 'साएता' हे जेट प्रशिक्षण विमान केले आणि त्यानंतर 'एचए-३००' या ध्वनीहून वेगवान, छोटेखानी लढाऊ विमानाची आखणी केली. १९६० च्या सुमारास स्पेनचा खिसा रिकामा झाला. इजिप्तचे नासेर यांनी तो प्रकल्प उचलला आणि काम कैरोजवळच्या हेलवानला गेले. 'एचए' ही अक्षरे बदलावी लागली नाहीत. हिस्पानो आविआसिओनचे हेलवान झाले इतकेच.

या विमानाची पहिली भरारी ७ मार्च १९६४ रोजी झाली आणि ती मारली भारतीय वायुसेनेचे चाचणी वैमानिक कपिल भार्गव यांनी. मेसरश्मिटच्या शेवटच्या लढाऊ विमानाला प्रथम आकाश दाखवणारा माणूस भारतीय होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. भार्गव तेथे पोहोचले ते एका देवघेवीतून. बंगळूरला कुर्ट टांक या दुसऱ्या नामांकित जर्मन संकल्पकाच्या मार्गदर्शनाखाली 'मरुत' हे भारताचे पहिले स्वदेशी लढाऊ जेट आकाराला येत होते. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी ते प्रथम उडवले. सांगाडा देखणा आणि वेगासाठी घडवलेला. इंजिन मात्र ब्रिटनचे ऑर्फियस, जे त्याला अपुरे पडत होते. ज्या शक्तीच्या इंजिनाची अपेक्षा धरून मरुत आखले गेले ते कधी मिळालेच नाही. इजिप्तमध्ये ऑस्ट्रियन अभियंता फेर्डिनांड ब्रांडनर 'ई-३००' हे नवे इंजिन विकसित करत होते. ते मरुतला बसेल या आशेने भारताने त्यात भाग घेतला आणि चाचणीसाठी एक मरुत थेट हेलवानला पाठवले. १९६७ च्या अरब-इस्राएल युद्धाने इजिप्तचे कंबरडे मोडले. १९६९ मध्ये सारा कार्यक्रम गुंडाळला गेला. भार्गवांनी उडवलेला तो नमुना आता म्युनिकजवळ श्लाइसहाइम येथे डॉइचेस म्युझियमच्या विमानदालनात आहे. मरुत १४७ झाली, १९७१ मध्ये राजस्थानच्या आघाडीवर त्यांनी नाव कमावले, पण शेवटपर्यंत ती अशक्त काळजाचीच राहिली.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा पत्ता नाशिकजवळचे ओझर हा आहे. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योजकाने १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टची मुहूर्तमेढ रोवली ती बंगळूरला; आपल्याकडे विमान बांधणी आली १९६४ मध्ये, सोव्हिएत मिग-२१ च्या परवान्याबरोबर. आजही त्या वसाहतीला लोक 'ओझर मिग' असेच म्हणतात. परवाना घेताना काम तीन ठिकाणी वाटले गेले: सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशातील कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. स्पेनची जी गत झाली ती टाळण्याचा हा मार्ग होता, आणि तो बऱ्याच अंशी यशस्वी ठरला. सहाशेहून अधिक मिग-२१ भारतात तयार झाली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये हे विमान चंडीगढला समारंभपूर्वक निवृत्त होईपर्यंत वायुसेनेचा गाडा त्याने ओढला. पुढे ओझरलाच सुखोई-३० बांधले गेले. लोहगावच्या तळावरून उठणाऱ्या सुखोईंचा गडगडाट पुणेकरांच्या परिचयाचा आहे. पण परवान्याने बांधायला येते म्हणजे आखायला येते असे नाही. परवाना हात शिकवतो. डोके शिकवतोच असे नाही.

तेजसच्या बाबतीत ते प्रकर्षाने जाणवले. विमान आपण आखले. त्याच्यासाठी योजलेले 'कावेरी' इंजिन १९८९ मध्ये मंजूर झाले, पण ते अपेक्षित बळ देऊ शकले नाही आणि २००८ मध्ये तेजसपासून वेगळे करण्यात आले. त्यामुळे आधार अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या एफ-४०४ इंजिनाचा. २०२१ मध्ये वायुसेनेने ८३ तेजस मागवली आणि त्याच वर्षी ९९ इंजिनांचा करार झाला. पहिले इंजिन हाती आले मार्च २०२५ मध्ये. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या नव्या जोडणीशाळेतून बांधलेल्या पहिल्या तेजस एमके-१ए ने आकाशात झेप घेतली, तेव्हा तेथे टाळ्या वाजल्या त्या योग्यच. पण इंजिनांच्या प्रतीक्षेत धडे तयार ठेवावी लागल्याची चर्चा त्याआधी वर्षभर देशात चालू होती, हेही विसरता येत नाही. सेव्हिल आणि ओझर यांत ऐंशी वर्षांचे अंतर आहे. कारणे वेगळी आहेत: तेथे बॉम्बवर्षाव, येथे पुरवठादाराच्या साखळीतील अडथळे. कारखान्यात उभे राहिलेले दृश्य मात्र ओळखीचे.

इंजिन इतके अवघड का, असा प्रश्न वाचकाला पडेल. सांगाडा म्हणजे मुख्यत: आकार, तो मोजता येतो, उतरवून घेता येतो. इंजिनाचे गुपित आकारात कमी आणि धातूत अधिक असते. कोणता मिश्रधातू, किती तापमानावर, किती वेळ मुरवला, कसा निववला, हे विमान सुटे करून पाहिले तरी दिसत नाही. जेट इंजिनातील पाती तर ज्या उष्णतेत फिरतात ती त्या धातूच्या वितळबिंदूहूनही अधिक असते. पात्यांच्या पोटातून खेळवलेली थंड हवा त्यांना तगवते. ही विद्या कोणी परवान्यासोबत सहजी देत नाही, आणि दिली तरी ती पचवायला धातुशास्त्राच्या प्रयोगशाळांची दोन-तीन दशकांची तपश्चर्या लागते.

मावळातल्या वाचकाला हा सारा मामला फार परका वाटू नये. शिरगावहून सोमाटणे फाटा, तळेगाव करत चाकणचा रस्ता धरला, आणि तेथील वाहतुकीने कृपा केली, तर थोड्याच वेळात आपण मर्सिडीज-बेन्झच्या कारखान्यापाशी पोहोचतो. ज्या डाइमलर-बेन्झची इंजिने सेव्हिलला कधी पोहोचली नाहीत, तिचेच हे वारस. त्याच डाइमलर-बेन्झशी टेल्कोने १९५४ मध्ये पंधरा वर्षांचा करार केला होता आणि करार सरल्यावर १९६९ पासून ट्रकवरचा तीन टोकी तारा जाऊन तेथे 'टी' हे अक्षर आले. आकुर्डीला बजाजने इटलीच्या पियाजिओचा परवाना १९७१ मध्ये संपल्यावर 'चेतक' काढली. फिरोदियांच्या बजाज टेम्पोने हँबुर्गच्या विडाल कंपनीची तीन चाकी गाडी, तिचे जर्मनीतील उत्पादन थांबल्यावरही, पुण्यात वर्षानुवर्षे चालू ठेवली. इतकी, की 'टेम्पो' हा मराठी शब्दच झाला. परवाना संपल्यानंतर काय उरते, या प्रश्नाची बरीच उत्तरे देहूरोड ते पिंपरी या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभी आहेत. फरक एवढाच, की स्कूटर दोन वर्षे उशिरा आली तर गिऱ्हाईक चडफडतो. लढाऊ विमानाचे तसे नाही.

राहता राहिली बुचोनची उत्तरकथा. निवृत्तीनंतर भंगाराचीच वाट होती, ती चित्रपटवाल्यांनी अडवली. साल्ट्झमन यांच्यासाठी विमाने हुडकण्याचे काम निवृत्त ग्रुप कॅप्टन हॅमिश महाडी यांच्याकडे होते. स्पेनने पंचवीसहून अधिक बुचोन आणि तीसहून अधिक हाइंकेल उपलब्ध करून दिली. १९४० ची मेसरश्मिट वाटावीत म्हणून बुचोनच्या पंखांची गोल टोके छाटली, शेपटीखाली खोट्या कैच्या लावल्या, लाकडी बंदुका बसवल्या. हनुवटीचा फुगवटा मात्र लपवता आला नाही. जाणकारांना तो प्रत्येक दृश्यात खुपतो. कॉनी एडवर्ड्स या टेक्सासच्या वैमानिकाने मोबदल्यापोटी पैशांऐवजी विमानेच घेतली आणि आपल्या माळरानावरच्या हँगरमध्ये चार दशकांहून अधिक काळ जपून ठेवली. २०१४ मध्ये ती विकली गेल्यावर त्यांतली काही पुन्हा उडू लागली. १९९० चा 'मेम्फिस बेल' घ्या की २०१७ चा 'डंकर्क', पडद्यावरील जर्मन शत्रू अजूनही सेव्हिलचाच असतो. चौतीस हजार मूळ मेसरश्मिटांपैकी उडण्याजोगी फारच थोडी उरली आहेत.

आणि काही बुचोनांच्या बाबतीत वेगळेच घडले. १९८० च्या दशकात जर्मनीत, मेसरश्मिट यांच्याच कंपनीच्या वारसदारांनी एका बुचोनचा सांगाडा घेतला, त्याचे फुगीर नाक उतरवले, मर्लिन बाजूला ठेवले आणि कुठूनतरी जपून राहिलेले डाइमलर-बेन्झ ६०५ इंजिन, उलट्या व्हीचे, त्यात बसवले. ते नेमके बसले. १९४२ च्या करारात ठरलेली जोडी प्रथम एकत्र उडाली ती अशी, चाळीस वर्षांनी.